कांडवेलीची परीक्षा अजून व्हायची आहे

बंगळुरूच्या दक्षिणेला होसूर रस्त्यावर असलेली बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहत ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेने शहराला जोडली गेली. मार्गिकेच्या शेवटाकडच्या एका स्थानकाच्या नावात बायोकॉन कंपनीचे नाव आहे, आणि जवळच नारायणा हेल्थ सिटीचे मोठे रुग्णालय आहे. ठिसूळ हाडांवरच्या औषधांचा विचार करायला ही जागा योग्य आहे. बायोकॉनची सुरुवात १९७८ साली झाली ती पपईच्या चिकातल्या पापेन या विकरापासून, म्हणजे झाडापासून. त्याच समूहातल्या बायोकॉन बायोलॉजिक्सच्या डेनोसुमॅबला २०२५ मध्ये युरोप आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. हाड पोखरणाऱ्या पेशींना जो रासायनिक इशारा मिळतो, तो अडवणारे हे प्रतिपिंड. ते प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींकडून तयार करून घेतात आणि सहा महिन्यांतून एकदा त्वचेखाली टोचतात. याच मुलखात कांडवेलही आहे. कन्नड घरांत तिला मंगरवळ्ळी म्हणतात, आपल्याकडे कुठे कांडवेल, कुठे हाडसांधी. तिचे हिरवे खोड चौधारी आणि पेरापेरांचे असते. प्रत्येक पेराशी ते आवळल्यासारखे दिसते आणि तिथूनच पान नि तणावा फुटतो. चिरताना हाताला खाज सुटते, कारण आत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून चटणीसाठी कोवळी कांडी घेतात, तेलात चांगली परततात आणि चिंच घालतात.

वनस्पतीतल्या संयुगांनी हाडांची झीज थांबते का, या प्रश्नावर आपल्या घरांत दोन टोकांची मते ऐकू येतात. ती इथे मामा आणि भाची यांच्या तोंडी घातली आहेत. मामा मिरजेचे, वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. भाची बोम्मसंद्र्याला औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी तपासते. माणसे कल्पित आहेत, त्यांनी दिलेले दाखले मात्र खरे आहेत.

"झाडपाला म्हटलं की तुम्ही मंडळी लगेच पुरावा मागता," मामा म्हणतात, "आणि पुरावा दिला की तो वाचत नाही. कांडवेलीवरचं काम काल-परवाचं नाही. मूळचे कर्नाटकातले शल्यचिकित्सक के. एन. उडुपा यांनी बनारस हिंदू विद्यापीठात जी. सी. प्रसाद यांच्याबरोबर १९६० च्या दशकात उंदरांची हाडं मोडून पाहिली, कांडवेलीचा अर्क दिला, आणि हाड लवकर सांधतं असं नोंदवलं. किरणोत्सारी कॅल्शियम वापरून ते हाडात किती शिरतं हेही मोजलं. त्या काळात हे काम साधं नव्हतं. पुढे २००३ मध्ये मणिपालच्या औषधनिर्माण महाविद्यालयातल्या संशोधकांनी बीजकोश काढलेल्या उंदरिणींना हा अर्क दिला. बीजकोश काढले की रजोनिवृत्तीनंतर होते तशी हाडांची झीज सुरू होते. ती झीज अर्काने कमी झाली. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शिसमच्या पानांवर काम केलं, आपल्या पळसाच्या सालीवर केलं. शिसमच्या अर्काचं उत्पादन तर बाजारातही आलं. इतकं सगळं असताना तुम्ही लोकांनी याकडे पाठ का फिरवावी?"

"पाठ फिरवलेली नाही मामा," भाची म्हणते. "हे सगळं काम मी पहिल्या पायरीचा चांगला पुरावा म्हणून मान्य करते. पण त्यात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. मोडलेलं हाड सांधणं वेगळं आणि वयानुसार विरळ होत जाणारं हाड टिकवणं वेगळं. मोडलेल्या जागी शरीर स्वतःच सगळी ताकद लावतं. तिथे दोन आठवडे आधी सांधलं तरी ते मोजता येतं. रजोनिवृत्तीनंतर मात्र इस्ट्रोजेन घटतं, हाड पोखरणाऱ्या पेशी जास्त वेगाने काम करतात, घडवणाऱ्या पेशींना तेवढी भर घालता येत नाही, आणि हे वर्षानुवर्षं चालतं. उडुपांचा प्रयोग पहिल्या प्रश्नाचा आहे. मणिपालचा दुसऱ्या प्रश्नाचा आहे खरा, पण तिथला डोस पाहा. उंदरिणीच्या दर किलो वजनामागे ५०० ते ७५० मिलिग्रॅम. नेहमीच्या रूपांतराने साठ किलोच्या बाईसाठी तो रोज साधारण ५ ते ७ ग्रॅम अर्क होतो. दुकानातल्या कॅप्सूलमध्ये अर्धा ग्रॅम असतो. थायलंडमध्ये हाडांची घनता थोडी उतरलेल्या स्त्रियांना रोज १.२ किंवा १.६ ग्रॅम कांडवेल २४ आठवडे देऊन पाहिली. झीज-भर दाखवणारे रक्तातले निर्देशांक थोडे हलले, घनता हलली नाही. सहा महिन्यांत ती हलायचीही नाही म्हणा. म्हणजे कांडवेल नापास झाली असं मी म्हणत नाही. तिची परीक्षाच अजून घेतलेली नाही."

भाचीचा हा शेवटचा मुद्दा मला सगळ्या वादाचा गाभा वाटतो. 'सिद्ध झालेले नाही' आणि 'खोटे ठरले आहे' या दोन गोष्टींत फार अंतर आहे, आणि दोन्ही बाजू हे अंतर सोयीप्रमाणे विसरतात. विकणारा पहिल्या पायरीवरच्या उंदरांना शेवटच्या पायरीवर नेऊन बसवतो. नाकारणारा न झालेल्या चाचणीला हरलेली चाचणी समजतो. काही वनस्पतिज संयुगांची मात्र परीक्षा खरोखर झाली आहे, आणि तिचे निकाल पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सोयाबीनमधली आयसोफ्लेव्होन रचनेने इस्ट्रोजेनच्या जवळ जातात आणि पेशींवरच्या इस्ट्रोजेनच्या ग्राहीला चिकटतात, म्हणून त्यांच्यावर सर्वांत मोठी आशा होती. या कुळातलाच इप्रिफ्लेव्होन हा कारखान्यात घडवलेला भाऊबंद. १९९० च्या दशकात युरोपातल्या ४७४ स्त्रियांवर त्याची तीन वर्षे चाचणी झाली आणि २००१ मध्ये निकाल छापून आला: हाडांची घनता टिकली नाही, मणक्यांचे अस्थिभंग कमी झाले नाहीत, आणि इप्रिफ्लेव्होन घेणाऱ्या २९ जणींच्या रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी घटल्या. उंदरांत त्याचे निकाल उत्तम होते.

मामांचा आक्षेप इथे रास्त आहे. "इप्रिफ्लेव्होन झाडात सापडत नाही," ते म्हणतात. "कारखान्याने घडवलेल्या रेणूच्या अपयशाचं खापर सोयाबीनवर का फोडता? इटलीतल्या २००७ च्या चाचणीत ३८९ स्त्रियांपैकी साधारण निम्म्यांना रोज ५४ मिलिग्रॅम जेनिस्टीन दोन वर्षं दिलं. हे खरं सोयाबीनमधलं संयुग. मणक्याची घनता वाढली, आणि नुसतं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांची घटली. हेही तुमच्याच पद्धतीने झालेलं, डोळे झाकून वाटप केलेलं संशोधन आहे."

"आहे, आणि ते चांगलं आहे," भाची मान्य करते. "पण मायामीतल्या २०११ च्या चाचणीत २४८ स्त्रियांपैकी साधारण निम्म्यांना रोज २०० मिलिग्रॅम सोया आयसोफ्लेव्होन दोन वर्षं दिली, तेव्हा मणक्याची झीज दोन्ही गटांत जवळजवळ सारखीच झाली. वर सोया घेणाऱ्यांना अंगातून वाफा निघण्याचा त्रास जास्त झाला. आता तुम्ही मला सांगा, कुठलं खरं धरायचं?"

माझ्या मते दोन्ही खरे धरता येतात. मायामीत सोयाच्या आयसोफ्लेव्होनचे मिश्रण दिले होते, इटलीत एकच शुद्ध संयुग. इटलीतल्या स्त्रियांची घनता आधीच उतरलेली होती. मायामीतल्या रजोनिवृत्तीच्या पहिल्या पाच वर्षांतल्या होत्या, आणि तेव्हा झीज सर्वांत वेगाने होते. शिवाय सोयातल्या डाइड्झीनपासून आतड्यातले जिवाणू इक्वॉल नावाचे अधिक ताकदीचे संयुग बनवतात, पण ते सगळ्यांच्या आतड्यात बनत नाही. आशियात निम्म्याहून काही अधिक लोकांत बनते, पाश्चात्त्य देशांत पाव ते एक तृतीयांश लोकांतच. म्हणजे एकच गोळी दोन बायकांच्या शरीरात दोन वेगळी औषधे होते. हा खुलासा मला पटतो. पण खुलासा हाती आला म्हणून उपचार हाती आला असे होत नाही. कोणाला लागू पडेल हे आधी सांगता आले पाहिजे, आणि ते सांगून केलेली मोठी चाचणी यशस्वी झाली पाहिजे. तोवर जेनिस्टीनला आशादायक म्हणावे, औषध म्हणू नये.

शिवाय या चाचण्यांत मोजली जाते ती मुख्यतः घनता, आणि रुग्ण स्त्रीचा प्रश्न घनतेचा नसतोच. पडल्यावर खुबा मोडेल की नाही, खाली वाकल्यावर मणका दबेल की नाही, हा तिचा प्रश्न असतो. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत २०२ स्त्रियांपैकी निम्म्यांना चार वर्षे सोडियम फ्लोराइड दिले गेले. मणक्याची घनता ३५ टक्क्यांनी वाढली. आजवरच्या कुठल्याही वनस्पतिज अर्काने याच्या जवळपासही मजल मारलेली नाही. आणि तरीही मणक्यांव्यतिरिक्तचे अस्थिभंग फ्लोराइडच्या गटात ७२ झाले, दुसऱ्या गटात २४. हाड दाट झाले, पण त्याची वीण बिघडली. कर्नाटकात आणि आपल्या चंद्रपूर-यवतमाळकडे फ्लोराइडयुक्त पाण्याने लोकांच्या हाडांचे काय होते हे पाहिलेल्यांना याचे नवल वाटणार नाही. अॅलेन्ड्रोनेट या गोळीची १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी मात्र पाहा. मणका आधीच दबलेल्या २०२७ स्त्रिया, सुमारे तीन वर्षे. नवे दबलेले मणके प्लासिबो, म्हणजे नकली गोळी घेणाऱ्या गटात १५ टक्के स्त्रियांत आढळले, औषध घेणाऱ्यांत ८ टक्के. खुब्याचे अस्थिभंग २.२ टक्क्यांवरून १.१ टक्क्यांवर आले. डेनोसुमॅबच्या मूळ चाचणीत ७८६८ स्त्रिया होत्या आणि मणक्यांचे अस्थिभंग ६८ टक्क्यांनी कमी झाले. औषध म्हणवून घ्यायचे तर किती उंच उडी मारावी लागते, ते या आकड्यांवरून कळते. ती उडी मारलेले एकही वनस्पतिज संयुग मला दाखवता येत नाही.

"मग जर्दाळू-आलुबुखाऱ्यासारख्या साध्या खाण्याचं काय?" मामा विचारतात. "अमेरिकेत २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २३५ स्त्रिया होत्या, त्यांतल्या काहींनी वर्षभर सुके आलुबुखार खाल्ले. रोज ५० ग्रॅम खाणाऱ्यांच्या खुब्याची घनता टिकली, न खाणाऱ्यांची एका टक्क्याने उतरली." भाची सांगते की रोज १०० ग्रॅम खाणाऱ्यांपैकी ४१ टक्के स्त्रियांनी चाचणी मध्येच सोडली, मणक्याच्या घनतेत फरक पडला नाही, आणि पैसा कॅलिफोर्नियातल्या आलुबुखार उत्पादकांच्या मंडळाचा होता. पण पुढे तीच म्हणते की हे खाणं आहे, त्याचा धोका नाही, परवडत असेल त्याने जरूर खावं. मला हा निवाडा मान्य आहे. अन्नाला औषधाइतका कडक पुरावा मागायचे कारण नाही, जोवर ते औषधाच्या जागी बसवले जात नाही. नाचणी, तीळ, डिंकाचे लाडू यांनाही हेच लागू.

मामांचा सर्वांत जोरदार आक्षेप औषधांच्या धोक्यांवर आहे. "तुमच्या गोळ्यांनी जबड्याचं हाड कुजतं, मांडीचं हाड अचानक मोडतं, हे मी वाचलेलं आहे. इंजेक्शन बंद केलं की मणके पटापट दबतात, हेही. माझी झाडं निदान असं काही करत नाहीत."

"तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत," भाची म्हणते. "पहिल्या दोन दुर्मीळ आहेत, आणि मोडायचा धोका जास्त असलेल्या बाईत जितके अस्थिभंग टळतात त्यापुढे फार थोड्या. तिसरी मात्र डॉक्टरांनी प्रत्येक रुग्णाला स्पष्ट सांगायला हवी: डेनोसुमॅब मनाने बंद करायचं नाही, थांबवायचं तर दुसरं औषध सुरू करूनच. पण मामा, हे धोके आपल्याला कळले ते हजारो लोकांवर मोजमाप झालं म्हणून. झाडांचे धोके नाहीत असं नाही, ते मोजायला कोणी बसलं नाही. चीनमध्ये शियानलिंग गुबाओ नावाचं ठिसूळ हाडांवरचं वनस्पतिज औषध लाखो लोक घेत होते. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी इतक्या वाढल्या की २०१६ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला. त्यातला एक घटक म्हणजे बावची."

बावचीचे नाव ऐकून मामा गप्प होतात, कारण कोडावर लावायची म्हणून बावची त्यांनी वर्गात वर्षानुवर्षे शिकवलेली आहे. प्रयोगशाळेत बावचीतली संयुगे हाड घडवणाऱ्या पेशींना उत्तेजन देतात, आणि त्यांच्यापैकीच काही यकृताच्या पेशींना घातक ठरतात. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेली इजा नोंदवली, तेव्हाही असाच धक्का बसला होता. आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी. गावोगाव सांधेदुखीसाठी मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडते. दुखणे दोन दिवसांत थांबते म्हणून त्या पुड्यांचा लौकिक वाढतो, आणि दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड हाड ठिसूळ करणाऱ्या कारणांत अगदी वरचे आहे. झाडपाला समजून घेतलेली पुडी ज्या बाईचा मणका दाबते, तिची फसवणूक कुठल्याही वैद्यकाच्या नावाने झाकता येणार नाही. यावर कडक कारवाई व्हावी, असे मला मनापासून वाटते.

"तरीही एक उरतंच," मामा शेवटी म्हणतात. "आयुर्वेद प्रकृती पाहून औषध देतो. सगळ्यांना एकच गोळी देऊन केलेल्या चाचणीत तो कसा बसेल? आणि कांडवेलीवर पेटंट मिळणार नाही, तर कोटी-कोटी रुपये घालून चाचणी करणार कोण?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशातच देऊन झाले आहे. कोइम्बतूरला संधिवाताच्या ४३ रुग्णांवर अशी चाचणी झाली की वैद्यांनी प्रत्येकाची प्रकृती पाहून आयुर्वेदिक औषध ठरवले, आधुनिक वैद्यांनी मेथोट्रेक्झेट ठरवले, आणि खरे कुठले, नकली कुठले हे रुग्णालाही कळले नाही आणि त्यांनाही कळले नाही. २०११ मध्ये ती प्रसिद्ध झाली. प्रकृतिविचार आणि निष्पक्ष मोजमाप एकत्र नांदू शकतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुण्याने दिले. अरविंद चोप्रा, भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या संधिवातावर आयुर्वेदिक मिश्रणे एका बाजूला आणि ग्लुकोसामीन व सेलेकॉक्सिब दुसऱ्या बाजूला ठेवून ४४० रुग्णांवर चाचणी केली. पैसा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या योजनेतून, म्हणजे आपल्या करातून आला. २०१३ च्या निकालात मिश्रणे तुल्यबळ ठरली, आणि काही रुग्णांच्या यकृताचे एक विकर वाढल्याचेही संशोधकांनी न लपवता छापले. औषध थांबवल्यावर ते उतरले. गुडघ्याची झीज आणि हाडांचा ठिसूळपणा हे दोन वेगळे आजार आहेत, त्यामुळे तो निकाल इकडे आणून लावता येत नाही. पण पद्धत जशीच्या तशी आणता येते.

ती कांडवेलीसाठी कशी आणावी, यावर मामा-भाचीचे अखेर जमते. मामांचे म्हणणे की आधी वनस्पती एकाच ठिकाणची, एकाच हंगामात तोडलेली असावी आणि प्रत्येक घाण्यातल्या अर्काची रासायनिक मोजणी व्हावी, नाहीतर निकाल कशाचा हे कळणार नाही. भाचीचे म्हणणे की मणका दबलेल्या बाईला तीन वर्षे प्लासिबोवर ठेवणे आज अन्याय होईल. म्हणून घनता थोडी उतरलेल्या, पण औषधाची वेळ न आलेल्या काही शे स्त्रिया घ्याव्यात, सगळ्यांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व द्यावे, निम्म्यांना कांडवेल द्यावी, आणि किमान दोन वर्षे यकृतासह सगळे मोजावे. तिथे घनता टिकली तरच हजारो स्त्रियांची, अस्थिभंग मोजणारी पुढची चाचणी करावी. हे सगळे जिथे होऊ शकते, अशी प्रयोगशाळा, रुग्णालय आणि आकडेवारीची माणसे बोम्मसंद्र्याच्या एका मेट्रो स्थानकाच्या परिसरात आहेत. पैसा आयुष मंत्रालयाने आणि विज्ञान परिषदेने घालावा. उडुपांच्या उंदरांना साठ वर्षे होऊन गेली. एवढ्या काळात ही चाचणी व्हायला हवी होती, आणि ती न होण्याचा दोष वनस्पतीचा नाही.

तोवर वाचकांना एवढेच सांगणे आहे. रजोनिवृत्ती होऊन काही वर्षे झाली असतील, उंची कमी झाल्यासारखी वाटत असेल किंवा किरकोळ पडण्याने हाड मोडले असेल, तर हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. त्यांनी औषध दिले तर ते कांडवेलीसाठी बंद करू नका. अॅलेन्ड्रोनेटची आठवड्याची जेनेरिक गोळी फार महाग नाही. कांडवेलीची चटणी आवडत असेल तर जरूर खा. आणि कुठलाही अर्क, चूर्ण किंवा पुडी चालू असेल तर ती तपासणीला जाताना बरोबर न्या आणि डॉक्टरांना दाखवा.